आक्कांना अहो-जाहो

सन तीसनंतरच्या एका हिवाळ्यात आमची पलटण वायव्य सरहद्दीवर होती. मी नाईक, शेळगावचा. आमच्या सेक्शनला पाणी आणि काडतुसं पोचवायला एक खेचर होतं, मादी. खुरावर नंबर एक्केचाळीस. तिचा ड्रायव्हर गेना, वरकुट्याचा. तो तिला आक्का म्हणे आणि वर अहो-जाहो करी. "आक्का, पाय उचला. आक्का, पानी प्या."

त्याच्या घरी कुत्र्याला फौजदार आणि म्हशीला मावशी म्हणत. तरी कवायतीत पाय चुकवणारा हा गडी जनावरापुढं इतका अदबीनं वागे, याचं मला हसू यायचं.

"सुभेदारसायबालाबी एवढा मान देत न्हाईस."

"ते कुठं माझं वझं वाहत्यात?"

त्या दिवशी आम्ही टेकडीवरच्या चौकीत होतो. सकाळी पावणेदहाला खालून झेंड्यांनी हुकूम आला: दहाला टेकडी सोडा. सरहद्दीवर खरा धोका उतरतानाच. आम्ही निघालो आणि समोरच्या कड्यावरून पठाणांचा गोळीबार सुरू झाला. गेनाच्या मांडीत गोळी घुसली. आम्ही त्याला आक्काच्या पाठीवर बांधला. बाकीचे आडोशातून फायर देत राहिले, मी लगाम धरला. पुढं दोनशे पावलं उघडी उतरण होती.

"चल आक्के! चल!"

ती हलेना. मी ओढली, शिवी दिली, बंदुकीचा दस्ता मारला. गेनाचं रक्त तिच्या पोटावरून ठिबकत होतं. गडी हातचा जातो, या भीतीनं मला घाम फुटला.

"नाईक," गेना पुटपुटला, "अरं-तुरं नगा करू. चला म्हना."

"आक्का, चला."

ती चालू लागली. पळाली नाही, बिचकली नाही. भरली घागर घेतलेल्या बाईसारखी एकेक पाय चाचपत उतरली. मध्यावर एकदा थरथरली. मला वाटलं, घसरली. खाली गेनाला उतरवून घेतलं, तेव्हा ती बसली. बरगडीत गोळी होती. ती घेऊन शंभर पावलं आली होती. मी शूर माणसं पुष्कळ पाहिली, पण त्या जनावरापुढं माझे हात आपोआप जोडले गेले.

गेनाला इस्पितळातूनच घरी धाडलं होतं. पुढं मला रजा मिळाली तेव्हा बारामतीहून तडक वरकुट्याला गेलो. गेना काठी टेकत अंगणात आला.

"आक्का कशा हायती?"

'मेली' हा शब्द तोंडाशी आला होता.

"आक्का गेल्या, गेना. त्याच दिवशी."

तो काठीवर रेलून खाली बसला. मग म्हणाला, "जाताना त्यास्नी पानी मिळालं?"

"व्हय. माझ्या टोपीत वतलं."

"प्याल्या?"

"दोन घोट प्याल्या."