सोवळ्यातली सायकल

हयवदनाच्या सायकलला वास यायचा. निरांजनात उरलेलं, थिजलेलं, वर धूळ बसलेलं तूप महिनाभर तसंच राहिलं की येतो तो वास. बसवनगुडीतल्या त्यांच्या वठारात, बिऱ्हाडांच्या सामाईक अंगणात, सायकल आली की शेजारची अहल्या पदर नाकाला लावून म्हणायची, "वसूअक्का, तुमच्या यजमानांची स्वारी आली हो, वासावरून कळलं."

वसुमतीला हसू यायचं नाही, मळमळायचं.

दर शनिवारी कनकपुरा रस्त्याच्या आतल्या टेकडीवर मारुतीला नैवेद्य न्यायचा. डबा हँडलला टांगायचा, म्हणजे सायकलही सोवळ्यात हवी. म्हणून हयवदन पहाटे सायकलला न्हाऊ घालायचा. दुकानातल्या ग्रीसमध्ये चरबी असते, असं कुणीसं सांगितल्यापासून चेनला निरांजनातलं तूप. चेन गंजली, कड्यांत मुंग्या नांदू लागल्या. तरी स्वतः बोट लावायचा नाही. तूप काडीने सोडायचा. "आत जुनं ग्रीस आहेच की," म्हणायचा. त्याची नखं सदा पांढरी शुभ्र.

वाटणीत थोरल्यांनी ठरवून ठेवलं होतं, की दुपारी बाराचा नैवेद्य चुकला तर देवळातल्या पूजेची पाळी चुलतभाऊ बिंदुमाधवाकडे जाईल. तो बिचारा दर शनिवारी देवळापुढच्या पिंपळाखाली घड्याळ घेऊन बसायचा.

त्या वर्षी कावेरी, त्यांची लेक, विषमज्वरातून उठली. वसुमतीने मारुतीला नवस बोलला होता: माझ्या हातचा नैवेद्य दाखवताना समोर उभी राहीन, आरती डोळ्यांनी पाहीन. म्हणून एका शनिवारी ती मागच्या कॅरियरवर बसून निघाली.

डांबरी रस्ता संपला, घाणेरीच्या झुडपांतली दगडांची पायवाट लागली आणि चेन उतरली. नुसती उतरली नाही, मागच्या तारांत जाऊन अडकली. चाक जागचं हलेना. हयवदनाने घाणेरीची काडी घालून पाहिली, मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. ऊन चढत चाललं.

गवताचा भारा घेऊन चाललेली खालच्या वस्तीतली गंगव्वा थांबली. "स्वामी, मी काढून देऊ?"

"मुट्टबेडा! शिवू नको, नैवेद्य आहे!" तो किंचाळला.

"राहिलं," ती म्हणाली. "तुमचा देव उपाशी राहील, चेन मात्र भरल्या पोटी दिसतेय." आणि भारा सावरत निघून गेली. वसुमतीला लाज वाटली, तिची नव्हे, नवऱ्याची.

"अहो, डबा मी धरते. तुम्ही हात घाला."

"मी? मग पूजा कोण करणार?"

"मी घातला तर?"

"तर तू ओवळी. टेकडीखालच्या तळ्यात बुडी मारल्याशिवाय देवळात पाऊल नाही."

"आरतीला थांबाल ना?"

"थांबतो गं. लवकर कर."

तिने पदर खोचला, सायकल उलटी करून सीटवर उभी केली आणि हात घातला. कोमट, बुळबुळीत, रेतीने कचकचणारं काहीतरी नखांखाली शिरलं. मुंग्या मनगटावर चढल्या. माहेरी चिकपेटेत खिडकीसमोरच सायकलचं दुकान होतं, लहानपण ते बघण्यात गेलेलं. तिने तारांतून चेन ओढून काढली, मागच्या चक्रावर चढवली, पुढच्या चक्राच्या खालच्या दातांना लावली आणि हाताने पेडल फिरवलं. चेन बसली, पण ढिली. मागचं चाक पुढे सरकलं होतं. ते मागे ओढून नट आवळायला पाना हवा. पाना सोवळ्यात चालत नाही म्हणून घरी!

हयवदन डबा टांगून निघून गेला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

तळ्यात म्हशी बसल्या होत्या. वसुमतीने माती लावून हात घासले, काळं गेलं नाही. बुडी मारली आणि ओल्या लुगड्याने टेकडी चढू लागली. निम्म्यावर घंटा ऐकू आली. ती पोचली तेव्हा तो बाहेर येत होता.

"थांबणार होतात."

"बिंदू घड्याळ दाखवत होता. देवाला सगळं कळतं गं."

तिने त्याच्या पांढऱ्या नखांकडे पाहिलं. तुपाच्या त्या घाणीने आली नव्हती एवढी शिसारी आली.

परतताना त्याच पायवाटेवर चेन पुन्हा उतरली. तो सरावल्यासारखा बाजूला झाला. "बघ जरा."

तिने प्रसादाचा डबा छातीशी धरला. "मी मडीत आहे, सोवळ्यात. ओलं लुगडं आहे अंगावर. शिवता यायचं नाही."

"अगं, पूजा झाली की!"

"म्हणूनच. तुमची झाली. घाला हात."

त्याने दोन बोटं घातली, वास घेतला आणि घाणेरीत जाऊन ओकला. ती लांबूनच सांगत राहिली, "आधी मागचं. आता पुढचं, खालून. खालून म्हटलं ना!" तिला मजा आली नाही. कधी एकदा हे संपतंय असं झालं.

पुढच्या शनिवारी तो सायकलला न्हाऊ घालत असतानाच तिने डबा कमरेवर घेतला. "सायकल येऊ दे मागून," म्हणाली आणि उजाडताच चालू लागली.

उन्हाने लाल झालेला, हात काळे झालेला हयवदन सायकल ढकलत टेकडीखाली पोचला तेव्हा बारा वाजत आले होते आणि वर पिंपळाखाली बिंदुमाधव घड्याळ बघून बघून उभा राहिला होता. तळ्यात हात धुऊन, बुडी मारून तो धापा टाकत वर आला. वसुमती ओल्या लुगड्यात गाभाऱ्यासमोर उभी होती.

"दे, डबा दे लवकर!"

"देते," ती म्हणाली. "आधी आरतीचं निरांजन लावा. मी इथंच आहे."