धुळ्याकडे जाताना वेडी होणारी गाडी

मी धुळ्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि घर जळगावला. शनिवारी काम संपलं की मोटारसायकल काढायची, रविवार आबांबरोबर घालवायचा, सोमवारी पहाटे परत. आई गेल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, घरात एकटेच असतात. गाडी तीनशे-साडेतीनशे सीसीची, पुढे वाकून बसायची, कॉलेजची पोरं घेतात तसली. ती मी माझ्या पगारातून घेतली आहे, मीच चालवते आणि मला ती फार आवडते. ही तीन वाक्यं मला इतक्या जणांना ऐकवावी लागली आहेत की आता ती तोंडातून आपोआप बाहेर पडतात.

आमच्याकडचा हायवे सरळ. त्यामुळे गाडीचा मागचा टायर कडेला नवाकोरा आणि मधोमध पाटासारखा सपाट झाला. बदलायला हवा होता, दोन्ही बदलायला हवे होते. मला वाटलं, दुकानात जाऊ, टायर घेऊ, घरी येऊ.

पहिल्या दुकानात गेले. मालकाने टायरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं. "ताई, भाऊंना पाठवा ना. त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, भाऊ नाही, गाडी माझी आहे. तो म्हणाला, "मग मिस्टरांना पाठवा." मी तिथून निघाले.

दुसऱ्या दुकानात बोलायला तयार होते, पण एकाच विषयावर. मी विचारलं, ओल्या रस्त्यावर कसा धरतो? उत्तर आलं, खूप चालतो. ब्रेक मारल्यावर घसरतो का? खूप चालतो ताई, पोरगं कॉलेजला जाईल तोवर चालेल. आमच्या खानदेशात चपलेपासून जावयापर्यंत प्रत्येक वस्तू टिकते किती यावरच पारखतात. टायर कडक असला की टिकतो आणि कडक असला की घसरतो, हे मी समजावून सांगितलं तर तो म्हणाला की घसरतात ते चालवणारे. तिसऱ्याने एक माप मोठा टायर काढला. का? तर मागून जाडा दिसतो. मागून गाडी कशी दिसते हे मला कधी दिसणार, असं विचारल्यावर तो खरोखर विचारात पडला.

इंटरनेटवर पाहावं तर तिथे माणसं गुडघा जमिनीला टेकवून डोंगरातली वळणं घेत होती. मला पारोळ्याच्या पुढे केळीच्या ट्रकमागून सुखरूप निघायचं होतं, मे महिन्यात डांबर मऊ होतं तेव्हा आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर आणून टाकतात तेव्हाही. त्याबद्दल कोणी व्हिडिओ केलेला नव्हता.

आणि घरी आबा. आबांनी उभी हयात चोपड्याहून दिल्लीला केळीचे ट्रक नेले. टायर या विषयावर त्यांच्यासमोर बोलणं म्हणजे पोस्टमनला पत्ता सांगणं. ते मूळचे शिंदखेड्याकडचे, इतकी वर्षं जळगावात राहूनही जिभेवरची अहिराणी हललेली नाही. "कडक टायर ले," ते म्हणाले. "नही तं गाडीच इकी टाक. स्कूटी बरी." गाडी विकून टाक हे ते गाडी घेतल्या दिवसापासून म्हणत होते. मी नुसतं हो हो करत होते.

शेवटी मी धुळ्यातल्या चौथ्या दुकानातून मला हवे तेच मागवले. मधे थोडे कडक, कडेला मऊ, कंपनीने दिलं त्याच मापाचे. यायला बरेच दिवस लागले. बसवल्यावर पहिल्या शनिवारी गाडी अशी आली की मी एकटीच हेल्मेटच्या आत हसत होते.

सोमवारी त्याच रस्त्याने परत निघाले आणि गाडी वेडी झाली. हँडल जड. वळवावी तर आधी वळायचीच नाही आणि मग एकदम झुकायची. एरंडोलच्या पुढे ट्रकने ओलांडलं तेव्हा मागचं चाक असं डुललं की मी गाडी कडेला घेतली. वारा असेल म्हटलं. पुढच्या शनिवारी निघताना हवा पाहिली तर दोन्ही टायरमध्ये कमी. भरून घेतली, गाडी पुन्हा शहाण्यासारखी घरी आली. सोमवारी पुन्हा वेडी.

असं आठवड्यामागून आठवडे चाललं. येताना शहाणी, जाताना वेडी, आणि शनिवारी हवा कमी. मी दुकानदाराला फैलावर घेतलं. त्याने चाकं पाण्यात बुडवली, साबण लावला, बुडबुडा नाही. "ताई, हवा कुठेच जात नाही." मग जाते कुठे, जळगावला? त्याने वॉल्व्ह बदलून दिले, तेही तोंड वाकडं न करता. पण मी निघताना म्हणालाच, "एकदा कोणा भाऊंना चालवून बघायला सांगा." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

खरं सांगायचं तर तोवर मी घाबरले होते. टायर चुकीचे निवडले, का मलाच आता चालवता येत नाही, काही कळेना. इतक्या लोकांना ठणकावून सांगितलं होतं की मला कळतं. रविवारी रात्री झोप लागेना, उद्या पहाटे तो रस्ता आहे म्हणून. बसने गेलं तर शनिवारची संध्याकाळ बसस्टँडवरच संपते आणि आबांजवळ उरतो अर्धा रविवार. तरी एका सोमवारी पारोळ्याजवळ मी पडता पडता वाचले आणि ठरवलं, बस झालं. जामनेरचा एकजण अशा गाडीच्या शोधात होता. त्याला रविवारी सकाळी या म्हटलं. आबांना सांगितलं, गाडी विकते आहे. ते नुसतं "बरं" म्हणाले. मला त्या "बरं"चाही राग आला.

त्या रविवारी मी लवकर उठले. शेवटचं पुसून घेऊ म्हणून फडकं घेऊन अंगणात आले, तर आबा गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले. रविवारी ते विहारात वंदनेला जातात, त्यासाठीचा पांढरा सदरा अंगात होता. हातात आगकाडी होती. तिचं टोक त्यांनी वॉल्व्हमध्ये दाबून धरलं होतं आणि टायरमधून हवा फुस्स करून बाहेर येत होती.

मी विचारलं, "आबा, हे काय करताय?"

"हवा कमी करी राहिनू," ते मागे न बघता म्हणाले. "उन्हायामा हवा फुगस. टायर फुटी जास. थोडी कमी करेल बरी."

"दर रविवारी?"

"मंग? तुले कोठे टाइम ऱ्हास."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला धुळ्याचा तो दुकानदार आठवला, पाण्यात बुडवलेली चाकं आठवली, बदललेले वॉल्व्ह आठवले. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती. मी ओरडले. गल्लीतल्या दोघी-तिघी बाहेर येऊन पाहायला लागल्या तरी ओरडले. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायचा तर तेव्हाच फुटतो, हे मी सांगितलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय म्हटलं. हवा मोजायचा काटा आणून दाखवला.

"पुस्तक लिहिनारा मे महिनामा जयगावले येल शे का?" आबा शांतपणे म्हणाले. "आम्ही ड्रायव्हर बठ्ठा असंच करूत."

"आबा, या हवेपायी मी पारोळ्याला पडत होते. ट्रकखाली गेले असते."

आगकाडी त्यांच्या हातातून खाली पडली. ते पायरीवर जाऊन बसले.

"मन्हा पुढला गाडीना टायर फुटना व्हता," ते म्हणाले. "असाच उन्हाया. मी पाहेल शे. चालवनारा मन्हा दोस्त व्हता."

एवढंच. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. दिल्लीच्या वाटेवरचे ढाबे सांगितले, थंडी सांगितली, पोलीस सांगितले, हे नाही. माझा राग गेला नाही, पण तो कुठे ठेवावा ते मला कळेना. मी चहा टाकायला आत गेले.

मी चहा घेऊन बाहेर येते तो जामनेरवाला हजर. त्याने "जयभीम" केला तो आबांना, बोलायला लागला तोही आबांशी. "भाऊ, टायर तर नवेच दिसतात. मग काढताय का?"

"गाडी इकानी नही शे," आबा म्हणाले.

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मीही आबांकडे बघत होते. इतकी वर्षं विक म्हणत माझ्या मागे लागलेला हा माणूस, आज आयतं गिऱ्हाईक दारात आलेलं असताना नाही म्हणत होता.

"गाडीमा काही खोट नही शे, भाऊ," आबा त्याला म्हणाले. "हवा मी काढेल शे. चूक मनी शे. चहा पी अन् जाय."

जामनेरवाला चहा पिऊन, मनातल्या मनात आम्हा दोघांना नावं ठेवत गेला असणार. मी त्याची माफी मागितली. मला गाडी विकायची नव्हतीच, पण विकायची नाही हेसुद्धा माझ्या वतीने आबांनीच ठरवावं याने मी पुन्हा चिडले. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला बांधला आणि म्हणाले, "चाल, हवा भरी लेऊत."

आबा कधी कोणाच्या मागे बसत नाहीत. रिक्षातसुद्धा ते ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर बसतात. त्या दिवशी ते त्या उंच, चिंचोळ्या मागच्या सीटवर कसेबसे चढले आणि माझे दोन्ही खांदे गच्च धरले. टायर अर्धे बसलेले, गाडी डुलत होती. मी अगदी हळू चालवली. तरी प्रत्येक चौकात त्यांचा उजवा पाय फुटरेस्टवर दाबला जाई, ट्रकचा ब्रेक दाबावा तसा. मला तो झटका पाठीत कळत होता. त्यांना गाडी डुलते आहे हे कळलं असणार, कारण प्रत्येक हेलकाव्याला त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती.

पंपावरच्या हवावाल्याने पाइप ओढला, चाकाशी बसला आणि वर पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून, आबांकडे.

"भाऊ, किती भरू?"

मी तोंड उघडलं होतं. नेहमीची तीन वाक्यं तयार होती.

"माले काय इचारस?" आबा म्हणाले. "तिले इचार. गाडी तिनी शे."

मी पुढच्या चाकाचा आकडा सांगितला, मग मागच्या चाकाचा. आबांना दोन्ही जास्तच वाटले असणार. पण त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि ते काट्याकडे बघत राहिले.