सोजरबाईचं नासलेलं दूध

पेशवाईत शुक्रवार पेठेत सोजरबाई गवळणीचं गुळाचं दूध प्यायला नाही, असा तालमीतला एक तरी गडी कुणी दाखवून द्यावा! साखर थोरांच्या घरची. हमालांना, पागेतल्या मोतद्दारांना गोड दूध हवं, तर ते सोजरबाईकडेच. म्हशीचं दूध आटवून ती हंडा खाली उतरवी, कोमट होऊ देई, मगच सुंठ आणि गूळ घाली. उकळत्या दुधात गूळ टाकणारी बाई दिसली, की तिच्या माहेरचा उद्धार व्हायचा. "दूध नासवतीस व्हय गं? आईनं काय शिकिवलं तुला?" साऱ्या पेठेला तिनं हे शिकवलं होतं, आणि शिकवल्याचं वरचेवर ऐकवलंही होतं.

तिच्या लेकीला, तुळजाला पाहायला मांजरी गावाहून बायडाबाई येणार होती. जातीतलंच घर, भरला गोठा, नदीकाठी ऊस. बायडाबाईचा मुलगा संभाजी तुळजानं जत्रेत पाहिला होता, आणि तेव्हापासून पोर शेण थापतानाही गात होती. पण बायडाबाई नाकावर माशी बसू न देणारी. चांगल्या चांगल्या मुली तिनं नाकारल्याचं कानावर आलं होतं. लेकीचं गाणं बंद पडू नये, म्हणून सोजरबाईचा जीव टांगणीला लागला.

बायडाबाई आली ती घरच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप घेऊनच. "आमच्याच गुळाचं दूध करा, इहीणबाई."

अजून ठरलं काहीच नव्हतं, आणि ही इहीणबाई म्हणाली! सोजरबाई इतकी हरखली, की चुलीवर दूध रटरटत असतानाच तिनं गूळ फोडून आत टाकला.

दूध फाटलं. पिवळट पाण्यात गुठळ्या तरंगू लागल्या. सोयरिकीच्या दिवशी दूध नासणं म्हणजे अपशकुनच. तिचा नवरा दत्तोबा आत डोकावला. "वतून दे. मांजरानं तोंड घातलं म्हून सांगू."

"उकळत्या दुधात?"

दत्तोबानं डोकं मागे घेतलं. सोजरबाईनं डोळे पुसले आणि हंडा उचलून तशीच बाहेर गेली. "माझ्याच हातानं नासलं. पोरीला बोल लावू नका, ती गुणाची हाय."

बायडाबाईनं हंड्यात पाहिलं. एक गुठळी उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. मग मांडी घालून बसलीच.

"माझी आई मुद्दाम असं नासवायची," ती म्हणाली, "मी माहेरी गेले की. ती गेल्यापासनं कुणी केलं न्हाई." डोळे भरून आले होते, पण हात थांबत नव्हता. "लगीन पक्कं. पर मांडवात हेच पायजे."

लग्नाच्या दिवशी सोजरबाईनं रटरटत्या दुधात गूळ टाकला, आणि मेलं दूध फाटेचना! आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दूध नासू नये म्हणून जन्मभर देव पाण्यात ठेवणारी बाई चुलीपुढे हात जोडून उभी होती. "खंडेराया, नासव रे बाबा!"

आणखी गूळ पडला. दूध फुटलं.

"नासलं गं, नासलं!" सोजरबाईनं आनंदानं आरोळी ठोकली. मानपानासाठी रुसून बसायचं सोडून वरमाई वाटी घेऊन चुलीकडे पळत आली.