भिवरीचा पान्हा आणि ताहितीतलं भांडण

माझ्या वहीतली नोंद: १६ ऑक्टोबर २०२४, बुधवार. सकाळी नळाला पाणी कमी दाबाने. इस्त्रीवाला आला नाही. शेजारचे गहिनीनाथ आणि लंकाबाई ताहितीला सुखरूप पोचल्याचा त्यांच्या राजनंदिनीचा निरोप. त्यांची म्हैस भिवरी अजून धार देत नाही. कानिफनाथला लाथ बसली, मांडीवर.

ताहिती कुठे आहे हे अख्ख्या केडगावात फक्त मला ठाऊक होतं, असं म्हटलं तर फुशारकी होईल, पण ते खरं आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला नकाशात पॅसिफिकमधली बेटं भरायला लावायच्या. आम्ही पेन्सिलीने ठिपके देऊन मोकळ्या व्हायचो. अशा एका ठिपक्यावर माझी शेजारीण उतरेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लंकाबाईचा गोठा आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. माझे यजमान होते तेव्हापासून दूध तिच्याकडचंच. तिची मुलगी राजनंदिनी ऑकलंडला नोकरी करते. तिने आईवडिलांना लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ही सहल दिली. गहिनीनाथ हरखला. लंकाबाईने मात्र मला साक्षीला बसवून अट घातली.

“बाई, ऐकून ठेवा. भिवरी आटली तर मी तिथनं माघारी येनार. एकटी. हे ऱ्हाऊ देत तिकडं.”

भिवरीला तिच्याशिवाय कोणाचा हात चालत नाही. म्हणून धाकटा दीर कानिफनाथ याने वहिनीचं हिरवं लुगडं नेसून धार काढायची, असं ठरलं. आपल्याकडे हा उपाय चालतो. पण कानिफनाथच्या मिशा पाहून असेल किंवा काय, भिवरीने लुगडं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात मोबाईल घेऊन उभी राहिले. आपली पहाट म्हणजे तिथे आदल्या दिवसाची टळटळीत दुपार. पडद्यावर निळं पाणी, माडाची झाडं आणि मधोमध लंकाबाई, गळ्यात पांढऱ्या फुलांचा हार.

“वहिनी, बोल तिच्याशी,” कानिफनाथ बादली धरून म्हणाला.

“भिवरे, माझे बाय, सोड गं पान्हा,” लंकाबाई लाडाने म्हणाली.

भिवरी आंबोण खात राहिली.

“हार कसला गं?” मी विचारलं.

“इमानतळावर घातला. समद्यांनाच घालत्यात. पन ह्यांना वाटलं सत्कार हाय. दूध सोसायटीत एकदा डायरेक्टर हुते ना. थांबले तिथंच, आन् आभाराचं भाषान केलं. नारळ आन् शाल कुठंय म्हनून इचारलं. मागं ही रांग.”

एवढ्यात गहिनीनाथ मागून आला. कमरेला जास्वंदीच्या फुलांचं कापड गुंडाळलेलं, वर उघडा.

“आन् हे काय?” लंकाबाईचा आवाज चढला. “सोयरीक जमवायच्या वयात फुलाफुलाचं नेसून कुठं निघालाय? पोट दिसतंय समदं. तिकडं केडगावात कळलं तर मानसं तिकीट काढून बघायला येतील.”

बादलीत चुळ्ळकन धार वाजली.

कानिफनाथने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. इतकी वर्षं रोज पहाटे भिंतीपलीकडून मला काय ऐकू येत होतं? धार काढताना लंकाबाई नवऱ्याला झाडते. पेंड संपली म्हणून, चप्पल दारात म्हणून, काहीच नसलं तर उभा का आहेस म्हणून. भिवरी पारडू असल्यापासून हेच ऐकत आली.

मग रोजचं ठरलं. पहाटे फोन, पलीकडे भांडण, इकडे दूध. आपल्या संध्याकाळी तिथे अपरात्र, म्हणून कानिफनाथने एकदा आवाज भरून घेऊन संध्याकाळी वाजवून पाहिला. शिळं भांडण तिला चाललं नाही. संध्याकाळी ती उपकार केल्यासारखं पावशेर द्यायची. पण सकाळचं तरून जात होतं. गहिनीनाथही पुरेसे विषय पुरवत होता. पाण्यावरच्या खोलीत काचेची जमीन होती. मासे बघतील म्हणून तो त्यावर टॉवेल अंथरायचा.

बोराबोरा बेटावर गाडं अडलं. लंकाबाई वाळूत बसली होती, केस ओले, चेहरा कधी न पाहिलेला.

“भांड की वहिनी,” कानिफनाथ म्हणाला.

“कशावरनं भांडू? सकाळी च्या आनून दिला. हात धरून पान्यात न्हेलं. पिवळे मासे पायाशी आल्ते, बाई, कोंबड्यांगत.”

“उगाच भांड.”

“अहो, तुमी लई वाईट हाय,” लंकाबाई शाळेतल्या कवितेसारखं म्हणाली. भिवरीने शेपटी हलवली, एवढंच.

दुसऱ्या पहाटेही तेच. कानिफनाथने कासेवर हात ठेवला. “दगड झालाय. आज सोडलं न्हाई तर सुजंल. मंग आटलीच म्हना.”

लंकाबाईचं हसू गेलं. “राजीला फोन लावा. माझं तिकीट बघा म्हनावं.”

अजून चार दिवस बाकी होते. गहिनीनाथ शेजारीच बसला होता, डोक्यावर पानाफुलांचा मुकुट. त्याने समुद्राकडे पाहिलं. मुकुट काढून वाळूवर ठेवला. मग बायकोकडे न बघता मला म्हणाला, “बाई, म्हशीचा दोष न्हाई. ती सोनईची. हिच्या माहेरनं आलेली. तिथली मानसंबी अशीच अडून बसत्यात. हिच्या बापानं लग्नात मला घड्याळ कबूल केल्तं. अजून किती वाजले ते दुसऱ्याला इचारतोय.”



“माझ्या बापाचं नाव घेता?” लंकाबाई उठून उभी राहिली. “ज्या बापानं तुमाला बैलजोडी दिली? तुमच्या आईनं माझ्या लुगड्याला नाक मुरडलं हुतं, ते काढू का?”

ते निघालं. त्यामागून नणंदेच्या पोराचं बारसं निघालं, विहिरीची वाटणी निघाली. कानिफनाथचे दोन्ही हात चालत होते, बादलीत फेस वर येत होता. लंकाबाईच्या मागे गहिनीनाथ दिसत होता. त्याने मुकुट झटकून परत डोक्यावर ठेवला आणि मला हाताने खूण केली: फोन चालू ठेवा.

बादली भरली. “वहिनी, झालं,” कानिफनाथ म्हणाला.

“तुझं झालं आसंल,” लंकाबाई म्हणाली, आणि फोन बंद झाला.

तिकिटाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. राजनंदिनीचा नंतर निरोप आला, आई बाबांशी बोलत नाही, पण दोघं होडीतून शेजारच्या बेटावर गेलेत.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं: दूध घेतलं दोन लिटर. तापवताना उतू गेलं, शेगडी पुसून घेतली.