भूगोलाचे टायर सर

समोरच्या माणसाचा नमस्कार घेण्याआधी सर त्याच्या गाडीच्या टायरला अंगठ्याचं नख लावून बघत. गाडी प्राचार्यांची असो, दूधवाल्याची असो, नाहीतर कोणाच्या घरी आलेल्या पाहुण्यांची. नख रबरात जरा रुतलं की मान हलवायचे. रुतलं नाही, तर गाडीवाल्याकडं असं बघायचे, जणू त्याच्या घरात कोणी आजारी आहे आणि त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. मग म्हणायचे, "पावसाच्या आधी बदला. मागचं राहू द्या एक वेळ, पण पुढचं बदलाच."

कॉलेजात त्यांना सगळे टायर सर म्हणत. ते भूगोल शिकवतात आणि त्यांनी भूगोलात डॉक्टरेट केली आहे, हे नव्या पोरांना पुष्कळ उशिरा कळायचं.

कॉलेज शिरूरच्या बाजूचं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. तशा संस्था सगळीकडे आहेत. सर राहायला दौंडला. सकाळी पाटस, चौफुला, न्हावरे असं करत आमच्याकडे यायचे, आणि दुपारी त्याच रस्त्यानं परत जाऊन दौंडच्या एका कॉलेजात शिकवायचे. दोन्हीकडे तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही, आणि दर वर्षी आपल्याच नोकरीसाठी नव्यानं मुलाखत. मी कॉलेजात गेले तेव्हा सरांच्या कानामागचे केस पांढरे झाले होते आणि अशा मुलाखती देऊन त्यांना कंटाळासुद्धा येईनासा झाला होता. "भूगोलाची जागा निघाली की आपलीच आहे," असं ते म्हणत. सगळेच म्हणत. जागा निघत नव्हती.

त्यांची मोटारसायकल जुनी, तारांच्या चाकांची. पोरांच्या गाड्यांना चकचकीत अलॉयची चाकं. पोरं चेष्टा करायची, "सर, सायकलची चाकं काढून मोटारसायकलला लावली का?" सर चिडायचे नाहीत. म्हणायचे, "अरे, तारांचं चाक खड्ड्यात वाकतं, पण तारा कसल्या की सरळ होतं. तुझं वाकत नाही. तुझं एकदम तडकतं." वर्गात सर पुस्तकासारखं मराठी बोलत. चाकाजवळ उकिडवे बसले की मात्र गावाकडचे होत, "धर की नीट, काय जेवला न्हाईस का?"

आमचं गाव न्हावऱ्याच्या अलीकडे. सकाळी आम्ही पोरीपोरी फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या असायचो. एकदा आमच्यासमोरच सरांचं मागचं चाक बसलं. सरांनी डिकीतून दोन टॉमी, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, काढल्या, चाक उतरवलं, साबणाचं पाणी लावून टायरची एक कड रिमवरून उचलली आणि ट्यूब बाहेर ओढली. टायरला बाहेरून खिळा नव्हता, काही नव्हतं. सरांनी रिमच्या आत बोट फिरवलं आणि आम्हाला बोलावलं. आत तारांची टोकं असतात. त्यांच्यावर रबराची पट्टी बसवायची असते, म्हणजे ती ट्यूबला लागत नाहीत. पट्टी एका जागी सरकली होती आणि तिथंच ट्यूबला भोक पडलं होतं.

"बघा," सर म्हणाले, "बाहेरचा खिळा एकदा घुसतो आन् दिसतो तरी. आतली तार रोज जराजरा बोचती."

माझी मैत्रीण सुरेखा फटकळ. ती म्हणाली, "सर, हे परीक्षेला येणार का?"

"हे परीक्षेला येत न्हाई पोरी. हे परीक्षेनंतर येतं."

आम्ही खूप हसलो होतो. सरसुद्धा हसले होते.

दुसऱ्या वर्षाच्या पेपरला एसटी आलीच नाही. मी एकटीच फाट्यावर, आणि रडायला लागलेली. सर थांबले. "बस मागं." मी गावाकडं बघितलं. सरांना कळलं. म्हणाले, "गावाला बोलायला दिवसभर हाय. तुझा पेपर दहाला सुरू होतोय." मी बसले. संध्याकाळी व्हायची ती कुजबुज गावात झालीच. दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले, ओट्यावर बसून आईच्या हातचा चहा प्यायले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात वडिलांना म्हणाले, "आबा, पोरगी हुशार आहे. एसटी चुकली तर मी नेणार. तुमची काही हरकत?" आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. एक डॉक्टर झालेला माणूस आपल्या ओट्यावर बसून आपली परवानगी मागतोय, हे वडील पुढं कितीतरी दिवस लोकांना सांगत होते.

त्यानंतर वडिलांनी जुनी मोटारसायकल घेतली, तीही तारांच्या चाकांची, आणि टायर घ्यायला सरांनाच यवतला नेलं. मीही गेले. दुकानदारानं जाडजूड टायर पुढं केलं. सरांनी ते बाजूला सारलं. "पैलवान दिसतंय, पण ह्या रिमवर ते आंग चोरून बसंल." पुढच्या चाकाला लांब सरळ रेघांचं घ्यायचं, म्हणजे गाडी वळवल्याबरोबर वळते, मागच्याला ठोकळ्यांचं, म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर सांडलेल्या काळ्या चिखलात ते पकड सोडत नाही. दुकानदारानं तसं टायर आणलं, तर सरांनी त्याच्या कडेला छापलेले चार आकडे वाचले. टायर कोणत्या साली बनलं ते त्यावरून कळतं. त्यांनी तेही परत केलं.

"नवंकोरं हाय सर," दुकानदार म्हणाला. "कागद बी निघाला न्हाई अजून."

"कागद न्हाई निघाला, पण वय झालंय. न वापरता बी रबर म्हातारं होतंच की राव. निस्तं टांगून ठेवलं तरी."

वडील कौतुकानं म्हणाले, "सर, एवढं शिकून तुम्ही टायर बघता व्हय?"

सर म्हणाले, "शिकलो म्हणून तर बघतो, आबा. न्हाईतर नुसतं बदललं असतं." ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी ते मनात जपून ठेवलं होतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना भूगोलाची जागा निघाली. भरतीवरची बंदी उठली, जाहिरात आली. त्याच सुमाराला संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी सरांना बंगल्यावर बोलावलं. कॉलेजात पेढ्यांची भाषा सुरू झाली. सर परत आले ते हसत. आप्पांचे दिवंगत वडील दादा, म्हणजे संस्थेचे संस्थापक, ज्या मोटारसायकलवरून गावोगाव फिरून शाळा काढत, ती गाडी बंगल्याच्या मागं पडून होती. पुण्यतिथीला ती मिरवणुकीत चालवायची होती. टायर कुजले होते. "सर, तुमच्याशिवाय हे कोणाला जमायचं न्हाई," असं आप्पा म्हणाले होते.

सरांनी ते काम जीव लावून केलं. तशा मोठ्या, अरुंद चाकाचे टायर मिळणं कठीण. आप्पांचा ड्रायव्हर म्हणत होता, पांढऱ्या अक्षरांचे जाड टायर टाकू, फोटोत भारी दिसतील. सरांनी ऐकलं नाही. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडले, म्हातारे झालेले टायर परत केले, शेवटी एका दुकानदाराकडून मागवून घेतले. मग कॉलेजच्या आवारात, सगळ्यांच्या देखत, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून बसले. खाली अंथरायला शिपायानं आप्पांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणला. सर म्हणाले, "उलटा टाक बाबा. साहेबांच्या तोंडावर टॉमी पडायला नको." गंजलेल्या तारा बदलल्या, चाक फिरवून रिमजवळ खडू धरला आणि जिथं खडू लागेल तिथल्या तारा कसत गेले, चाक डोलायचं थांबेपर्यंत. आत नवी पट्टी. ट्यूबला पावडर. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेनं. हवा भरल्यावर टायरची कड रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, हे बोटानं पुनःपुन्हा चाचपलं. वर्गात भीमेचं खोरं शिकवतानासुद्धा सरांचा चेहरा असाच व्हायचा.

पुण्यतिथीला गाडी निघाली. आप्पांनी माइकवरून सांगितलं, "सरांसारखा माणूस आपल्याला कायम पाहिजे." टाळ्या वाजल्या. 'कायम' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. सर मान खाली घालून उभे होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मुलाखतीच्या दिवशी मी गुणपत्रक घ्यायला कॉलेजात गेले होते. सर बाहेर आले आणि ऑफिसच्या व्हरांड्यात माझ्याशेजारी बाकावर बसले. हातात फाईल होती, ती उघडली गेल्यासारखी दिसत नव्हती.

"काय विचारलं सर?"

"आप्पांनी माझी ओळख करून दिली. म्हणाले, आमच्या दादांच्या गाडीचे टायर यांनीच बसवले. मग बाहेरून आलेले एक तज्ज्ञ म्हणाले, माझ्या मुलाच्या गाडीला कोणते घ्यावेत?"

"मग?"

"मग सांगितलं. पुढं रेघांचे, मागं ठोकळ्यांचे." सरांनी फाईल मांडीवर सरळ केली. "वेळ संपला म्हणाले."

जागा दुसऱ्याला मिळाली. तो आप्पांच्या नात्यातला होता. त्याचं नाव जाहिरातीच्या आधीपासून शिपायांनासुद्धा माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त सरांना. किंवा माहीत असूनही त्यांनी ते मानलं नव्हतं. आणि त्या वर्षी तासिकांची गरज उरली नाही, कारण पक्का माणूस आला.

आप्पा दिल्या शब्दाला जागले. त्यांनी सरांना खरोखरच कायम केलं. संस्थेच्या शाळा-कॉलेजांच्या बसगाड्यांची देखभाल बघायला त्यांना एक माणूस हवा होता. टायर, बॅटऱ्या, ड्रायव्हरांच्या पाळ्या. बारा महिने पगार. आप्पांना यात काही वाईट केलं असं वाटलं नाही, उलट उपकारच वाटले, आणि तेच मला आजही सहन होत नाही. एखाद्यानं दुष्टपणानं केलं असतं, तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

मला ते सरांनीच फोनवर सांगितलं. "पर्मनंट झालो गं."

मी आनंदानं ओरडलेच. "कुठल्या कॉलेजात, सर?"

"आपल्याच. पण जमिनीवर. वर्गात न्हाई."

मी म्हणाले, "नाही म्हणा ना, सर."

"घरात बायको म्हणाली, उन्हाळ्यात बी पगार येईल का? म्हटलं येईल. मग म्हणाली, झालं तर." मग एकदम वर्गातल्या मराठीत म्हणाले, "तू मात्र या वाटेला येऊ नकोस. एम.ए. करायचं तर कर, पण आधी स्पर्धा परीक्षा दे. जिथे निवड यादी भिंतीवर लागते, अशाच ठिकाणी जा."

मी गेले. दौंडला रेल्वेच्या ऑफिसात लागले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आणि पहिली पगारदार. ते कोणामुळं, हे आईवडिलांना आणि मला माहीत आहे. नेमणूक झाल्यावर पेढे घेऊन आधी सरांकडे निघाले.

बसगाड्या कॉलेजच्या इमारतीमागं उभ्या असतात. तिथं एक ड्रायव्हर चाकाला टेकून बसला होता. मी सरांना विचारलं.

"आत्ता न्हाई घावायचे," तो म्हणाला. "ह्या तासाला ते हिथं थांबत न्हाईत. गेटाबाहेर चहाच्या टपरीवर असत्यात."

"का?"

त्यानं नुसतं वर बोट केलं. पहिल्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून आवाज येत होता. कोणीतरी एका सुरात लिहून देत होतं, "भीमा नदी, स्वल्पविराम, ही कृष्णेची, पुढच्या ओळीवर, प्रमुख उपनदी आहे, पूर्णविराम." भीमा ज्यांच्या शिवाराला लागून वाहते, ती पोरं खाली माना घालून ते उतरवून घेत असणार.

"रोज येतं ऐकू," ड्रायव्हर म्हणाला. "पयल्यांदा बसायचे हिथंच, पाना हातात घिऊन. पण काम व्हईना त्यांच्याच्यानं."

सर टपरीच्या बाकावर कॉलेजकडं पाठ करून बसले होते. खाकी शर्ट, खिशाला पेन. मला बघून उठले. पेढा हातात घेतला, अर्धा मोडून टपरीवाल्याला दिला आणि म्हणाले, "माझी विद्यार्थिनी. रेल्वेत आहे." मग माझं टेबल कोणतं, साहेब कसे आहेत, जेवायला डबा नेते का, असं सगळं विचारलं. कॉलेजचं एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. चहा संपला, पेले परत गेले, तरी ते उठेनात.

थोड्या वेळानं, मान न वळवता, त्यांनी विचारलं, "तुला घंटा ऐकू आली का गं?"

मी म्हणाले, "नाही, सर."

"मग आणखी एक चहा सांग."