हळू गाणं आधी

ज्या अल्बमविषयी मी लिहायला बसले आहे तो मुळात माझ्या थोरल्या भावाचा. हेवी मेटल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संगीताविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ते मी लक्ष देऊन ऐकले तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. पण नव्वदच्या दशकात, नालवाडीतल्या आमच्या घरी, तो अल्बम भिंतीपलीकडून माझ्या अभ्यासात येत असे, आणि मी दार लावून घेत असले तरी कडी कधी घालत नसे.

त्या काळी वर्ध्याच्या बाजारात कॅसेट भरून देणारे एक दुकान होते. भावाच्या मित्राने नागपूरहून मूळ कॅसेट आणली होती. ती आणि एक कोरी कॅसेट भावाने दुकानदाराच्या हाती दिली. लग्नमंडपांसाठी गाणी भरून देण्यात त्या गृहस्थांचे आयुष्य गेले होते, आणि त्यांची एक ठरलेली रीत होती: कॅसेट कुणाचीही असो, संथ गाणे आधी यायचे. हा अल्बम तर पहिल्या क्षणापासून अंगावर येणारा. त्यांनी मधले एक संथ, एकट्या गिटारवर सुरू होणारे गाणे उचलून सुरुवातीला लावले.

कॅसेट घ्यायला भावासोबत मीही गेले होते. दुकानदार म्हणाले, "नीट लावून देल्ली बरं. पयलेच धडाधड सुरू झालं तं तुयी माय कॅसेट बंबात टाकन. पयले हळू, मंग जोरात. घरच्यायले सवय होऊ दे."

भाऊ हसला. मूळ क्रम त्याने ऐकलेलाच नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी अल्बम तो हाच झाला. दुकानदाराची करामत तो थोड्याच दिवसांत विसरलाही. आईला मात्र सवय झाली नाही. "तुया बापाची जिनिंग काय कमी होती," ती म्हणे, "थे घरातबी आणली?"

आमचे घर कापसाच्या व्यापारातले. गावाबाहेर वडिलांची भागीदारीतली जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारी गिरणी, होती. भाऊ बी.कॉम. होताच तिथे जाऊ लागला, आणि संध्याकाळी अंगावर रुईचे तंतू घेऊन परतला की आधी कॅसेट लावत असे. कधी तो मला हाक मारी. गाणाऱ्याचे शब्द त्याला हवे असत. मी कान देऊन ऐके आणि मान हलवी.

"एम.ए. इंग्लिश करून राह्यली, अन् हा माणूस काय म्हणते थे समजत नाई?"

"त्यालेही समजत नसन," मी म्हणाले.

तो इतका हसला की मीच संकोचले. चारचौघांत माझ्याने बोलवत नसे. घरातही मी मोजकेच बोले. त्याच्याशी बोलणे त्यातल्या त्यात सोपे होते.

जिनिंगमध्ये त्याचे नाव झाले ते कानामुळे. सरकी काढणाऱ्या, ओळीने चालणाऱ्या जिन-यंत्रांच्या त्या प्रचंड घरघरीत कोणत्या यंत्राचा रोलर घासू लागला आहे हे तो दाराशी उभा राहून सांगे. ही हौस नव्हती. कापसातून एखादा खडा किंवा खिळा आत गेला की ठिणगी उडते, आणि रुईला आग लागली की ती पसरायला वेळ घेत नाही. आवाजातला बदल ज्याला आधी कळतो त्याच्या भरवशावर बाकीचे काम करतात. वडील थकल्यावर हा भरवसा त्याच्यावर आला. हंगामात दिवसच्या दिवस तो त्या आवाजात उभा राही. कानात बोळा घालणे त्याला मान्य नव्हते. बोळा घातला तर ऐकायचे कसे?

पुढे मी नागपुरात एका महाविद्यालयात शिकवू लागले. दोन हजारचे दशक निम्मे सरले असेल, तेव्हा त्या जुन्या बँडचा तोच अल्बम स्वच्छ ध्वनीसह सीडीवर पुन्हा निघाला. मंडळी आता वयस्क झाली होती, तरी वाजवत होती. मी तो विकत घेतला आणि खोलीवर एकटी ऐकू लागले. सुरुवात ऐकून आधी वाटले, चुकीची सीडी आणली. मग उमगले की आम्ही इतकी वर्षे मंडपांची गाणी भरणाऱ्या त्या दुकानदाराच्या अल्बमवर प्रेम केले होते. खरा अल्बम भीती घालत सुरू होतो. संथ गाणे येते ते दम लागल्यावर. हा क्रम मला अधिक कठोर आणि अधिक प्रामाणिक वाटला. भावाला तो ऐकवावा, त्याचा चेहरा पाहावा, म्हणून सुटीत सीडी आणि लहानसा प्लेअर घेऊन मी घरी गेले.

दुपार होती. आई आतल्या खोलीत पडली होती, म्हणून मी आवाज बेताचा ठेवला.

"लाव, प्रोफेसरीण बाई," भाऊ म्हणाला, आणि खुर्चीत मागे रेलून त्याने डोळे मिटले.

पहिले गाणे धडाडून सुरू झाले. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्याच्यावर काहीच उमटले नाही. थोड्या वेळाने त्याची बोटे गुडघ्यावर हलू लागली, सावकाश, मध्ये थांबत. ती ओळखायला मला वेळ लागला नाही. ते संथ गाणे होते. खोलीत ढोल दुपटीच्या वेगाने वाजत होते आणि माझा भाऊ आमच्या कॅसेटचे पहिले गाणे आठवणीतून ऐकत होता.

मी प्लेअर बंद केला. बोटे चालूच राहिली.

काही वेळाने त्याने डोळे उघडले आणि माझा हात बटणावर पाहिला. "संपलं?"

"मी बंद केलं, दादा."

तो माझ्या ओठांकडे पाहत होता. तो केव्हापासून असे पाहत असावा, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

"जिनिंगमध्ये कोणाले माहीत आहे?" मी मोठ्याने विचारले.

"कोणालेच नाई. अन् तूबी सांगू नको. मी हात लावून पाह्यतो मशीनले. समजते."

"अन् हात लावाच्या आधी ठिणगी पडली तं?"

"तुले काय समजते जिनिंगमधलं?" तो म्हणाला. मग, बऱ्याच हळू: "कानात मशीन लावून गेलो तं पोट्टे हासतीन. ज्याच्या कानावर जिनिंग चालते, त्याचाच कान गेला म्हन्तीन."

 न बोलण्याचा मला सराव होता, आणि भाऊ माझ्या त्या सरावावर विसंबून होता. पण त्याच्या कानावर विसंबून जिन-यंत्रापाशी वाकलेले कामगार मला दिसत होते. आईने उठून यावे म्हणून मी प्लेअरचा आवाज पूर्ण वाढवला आणि गाणे पुन्हा लावले.

आई उठून दारात आली. "काऊन वं? घर डोक्यावर घेतलं ते?"

"आई, दादाले ऐकू येत नाई," मी म्हणाले. माझा आवाज गाण्याहून मोठा निघाला असावा. अंगणात भाजीवाली टोपली उतरवत होती, तीही थांबली.

आई त्याच्याकडे वळली. "खरं आहे का रे?"

तो उठून बाहेर निघून गेला. उत्तर तेच होते.

दवाखान्यात जायला त्याला तो पूर्ण आठवडा लागला. काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून तो बसला आणि सूर ऐकू आला की बटण दाबायचे होते. बाहेरून मी पाहत होते. त्याचा अंगठा बराच वेळ बटणावर, न दाबता, तसाच टेकून राहिला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितले: गेलेले परत येणार नाही, उरलेले टिकवायचे असेल तर जिनांपासून दूर राहावे लागेल. वडिलांनी त्याला बाजार समितीत कापसाच्या खरेदीवर बसवले. जिनिंगमध्ये दुसरा माणूस आला. त्या हंगामात भाऊ माझ्याशी कामापुरतेच बोलला, आणि त्याला दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही. आग लागली नाही, एवढेच मी सांगू शकते. ती टळली ती माझ्यामुळेच, असे म्हणवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी होते. एका संध्याकाळी तो कानामागे यंत्र बसवून आला आणि म्हणाला, "ती सीडी आहे का तुयापाशी?"

अल्बम सुरुवातीपासून लावला. ढोल त्याच्यापर्यंत पोचत होते. गाणाऱ्याचा आवाज, तो म्हणाला, टिनाच्या डब्यातून यावा तसा येत होता. तरी तो उठला नाही. अखेरच्या गाण्यात सगळी वाद्ये थांबतात आणि एकटी गिटार उंच सुरात विरत जाते, फार सावकाश. तिथे तो माझ्याकडे वळला.

"झालं का?"

"नाई. अजून चालू आहे."

तो मान खाली घालून बसून राहिला. गिटार बारीक होत गेली, इतकी की मलाही ती नीट ऐकू येईना. ती पूर्ण थांबली तेव्हा मी त्याच्या हाताला हात लावला. मग तो उठला.