चतुर्दशीचे पान

२९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधील कुत येथे, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, इंग्रजांच्या हिंदी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. त्या फौजेत मराठा पलटणीही होत्या.

अपूर्वा मगदूमने सातवीला पहिले महायुद्ध शिकवायला घेतले ते याच प्रसंगापासून. माहेर जयसिंगपूरचे, नोकरी गारगोटीजवळच्या शाळेत. सनावळ्या मुलांच्या डोक्यावरून जातात, हे ध्यानी आल्यावर तिने गोष्ट रचायचे ठरवले आणि घरातून कोणी लढाईला गेले होते का, ते विचारून यायला सांगितले. तेजस्वी एवढेच घेऊन आली: खापरपणजोबा केरबा, त्या लढाईला गेले ते परतले नाहीत.

अपूर्वाने नाव तेच ठेवले, बाकी सारे रचले. वेढ्यातली उपासमार, कैदेतली वाळवंटातली पायपीट बारा वर्षांच्या मुलांना सोसवणार नाही, म्हणून तिने केरबाला कुतच्या नदीकाठी छातीत एक गोळी घालून मोकळे केले. मुलांनी गोष्ट वहीत उतरवून घेतली. धडा साधला, असे तिला वाटले.

भाद्रपदात तेजस्वी निरोप घेऊन आली. "बाई, आजीनं जेवायला बोलावलंय. म्हाळ हाय."

अपूर्वा जैन, तिच्याकडे पितृपक्षात पितरांना म्हाळ घालत नाहीत. ती गेली तेव्हा तेजस्वीची आजी बायडाबाई अंगणात केरबाच्या नावाने मांडलेल्या केळीच्या पानावर खपली गव्हाची खीर वाढत होती.

"या बाई. तुमच्यामुळं यंदा केरबा म्हातारा बरोबर दिवशी जेवतोय."

"बरोबर दिवशी म्हणजे?"

"हत्यारानं गेलेल्याचं पान चौदसला. मरण ठावं नसलं की आवसेला, सगळ्यांच्या गर्दीत. माझा सासरा मरस्तवर इचारत हुता, बा आवसेचा का चौदसचा. कुणी सांगितलं न्हाय. पोरीनं तुमची गोष्ट वाचून दावली, आन म्या दिवस बदलला."

अपूर्वा गप्प राहिली असती, तर दिवस कायमचा ठरला असता. तिने तसा विचारही केला.

"आजी, ती गोळी मी घातली. कागदोपत्री कुठं नाही."

"मग कशानं गेला?"

"माहीत नाही. कुतमधले पुष्कळजण कैदेत भुकेनं गेले."

"मग आमाला तसंच का न्हाय सांगितलं?" तेजस्वीने विचारले.



बायडाबाईने वाढायचे थांबवले. "इतकी वर्सं आवसेला जेवला. एकदा कुठं मानानं बशिवला, तर तुमी हाताला धरून उठिवताय व्हय, बाई?"

"मी शोधते. पलटणीचा क्रमांक कळला तर..."

"नंबर कुणाला ठावा? नाव हाय की."

"नुसत्या नावाचे केरबा पुष्कळ आहेत, आजी."

"मग हुडका. उद्या आवस हाय. तवर सांगा."

एका दिवसात काही सापडणार नाही, हे अपूर्वाला ठाऊक होते. तरी तिने मान हलवली. पानावरची खीर थिजली. कावळा आला नाही. तेजस्वी पान उचलायला वाकली, तशी आजीने तिला हातानेच थोपवले.

केरबा कोणत्या पलटणीत होता, ते माहीत नाही. तो कुतला पोचला होता का, तेही नाही. गोळीने गेला की भुकेने, हे अजून कोणालाच सांगता आलेले नाही.